फान टोंडरची विजार

माझा भाचा मोलेफी फार मोठा फोटोग्राफर आहे, असं लोक म्हणतात. लोकांचं म्हणायला काय जातं? फिल्म मला विकत आणावी लागते.

क्लिपबॉशच्या काळ्यांच्या वस्तीत माझा मोहापी फोटो स्टुडिओ आहे. मागे रंगवलेला समुद्र, त्यात एक जहाज, पुढे मखमली खुर्ची. लग्नं होतात, बाप्तिस्मे होतात, पण खरा धंदा पासच्या फोटोंचा. काळ्या माणसाच्या खिशात फोटो लावलेला पास नसेल तर त्याला थेट कोठडी, असा कायदा सरकारनं केला. त्या कायद्याला रोज सकाळी शिव्या घालून मी दुकान उघडतो आणि त्याच कायद्याच्या जिवावर मी छपराला नवा पत्रा घातला. काय करता.

मोलेफीला हे सगळं हलकं काम वाटतं. त्याला रस्त्यावरचं आयुष्य टिपायचं असतं. पोस्टातल्या दोन रांगा, एकाच पाण्याचे दोन नळ. एकदा त्यानं अख्खा रोल दारांवर उडवला. हे गोऱ्यांचं दार, हे काळ्यांचं दार.

मी म्हटलं, "दारं फोटोचे पैसे देतात का रे?"

"मामा, हे कुणीतरी टिपून ठेवायला नको?"

"कुणीतरी टिपेल की. बाहेर पासवाल्या म्हाताऱ्या खोळंबल्यात, त्यांना आधी टिप."

पण त्याच्या डोक्यात तेव्हा एक बाक शिरला होता. गावातल्या चौकात, बसथांब्यावर. बाक गोऱ्यांचा आणि त्याच्या शेजारीच आमच्या बसचा नुसता खांब. मोलेफीची आई, म्हणजे माझी थोरली बहीण पुलेंगताई, गोऱ्यांचं धुणं धुते. सोमवारी मळके कपडे न्यायचे, गुरुवारी इस्त्री करून पोचवायचे. तिचे गुडघे कधीचे गेलेत. बाक रिकामा असतो आणि ती डोक्यावर गाठोडं घेऊन त्याच्या शेजारी उभी असते. मोलेफीला हवा होता तो हाच फोटो.

ताई म्हणाली, "मी उभी आहे त्यात बघण्यासारखं काय रे? सगळेच उभे आहेत."

तरी लेकासाठी ती तयार झाली. मीही गेलो, कारण कॅमेरा माझा होता.

त्या सकाळी नगरपालिकेच्या रंगाऱ्यानं बाक नुकताच हिरवागार रंगवून ठेवला होता. पाठीच्या फळीवर एका चहावाल्याची जाहिरात होती, ती झाकायची नव्हती. म्हणून 'फक्त गोऱ्यांसाठी' हे त्यानं बसायच्या फळीवरच लिहिलं, पांढऱ्या अक्षरांत, शेजारी-शेजारी, इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा दोन्ही सरकारी भाषांत. मग तो 'ओला रंग'ची पाटी आणायला गेला.

पाटीच्या आधी आला कॉन्स्टेबल फान टोंडर. मोलेफीच्या गळ्यात कॅमेरा बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कशाचा फोटो काढतोयस?"

"माझ्या आईचा, साहेब."

"मग बाक कशाला मध्ये? बाकाला कुणी हात लावायचा नाही."

"साहेब," ताई म्हणाली, "त्या बाकाचा रंग..."

"तू गप्प बस."

"बसत नाही साहेब, उभीच आहे. पण रंग अजून..."

"बाकाबद्दल मला शिकवू नकोस," असं म्हणून फान टोंडर बाकाच्या मधोमध ऐसपैस बसला. खिशातून वाळवलेल्या मांसाचा तुकडा काढून चघळायला लागला.

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी यायच्या बेतात होतं. "अरे, ती विजार मलाच धुवायची आहे," ती पुटपुटली. पोलिसांच्या क्वार्टर्समधलं धुणं तिच्याकडेच होतं. दर आठवड्याला ती त्याच्या मागच्या दारात उभी राहायची, पण तिला तो ओळखत नव्हता. धुणं एक काळी बाई नेते, एवढीच त्याची माहिती.

आमची बस आली तसा फान टोंडर आम्हाला हाकलायला उठला. उठताना पोळपाटाला चिकटलेली पोळी सोडवावी तसा आवाज झाला. तो वळला आणि चौकाला पाठमोरा झाला. इंग्रजी एका बाजूला, आफ्रिकान्स दुसऱ्या बाजूला. भाषांच्या बाबतीत आमचं सरकार कधी भेदभाव करत नाही. मोलेफीनं बटण दाबलं.

अंधाऱ्या खोलीत मी फोटो छापायला घेतला तर अक्षरं उलटी. शिक्का उलटाच उठणार. मी म्हटलं, एवढा सुंदर विनोद लोकांनी काय आरसा घेऊन वाचायचा? निगेटिव्ह सरळ पालथी घातली आणि छापला. अक्षरं लख्ख वाचता यायला लागली. मोलेफी कुरकुरला, "मामा, पण खरं होतं तसं दाखवायला हवं." मी म्हटलं, "खरं आधी वाचता तर येऊ दे."

फोटो आमच्या लोकांच्या एका मासिकात आला. वस्तीतल्या न्हाव्यानं तो आरशाशेजारी लावला आणि दाढी करताना हसून दोघांचे गाल कापले. मग मोलेफीला पकडून नेलं. आरोप असा की खोटा फोटो बनवून पोलिसांची बेअब्रू केली. शिक्षा झाली असती तर त्याचा गावात राहायचा परवाना गेला असता. पणजोबांच्या मुलखात पाठवलं असतं, जिथे त्याला एक मेंढरूही ओळखत नव्हतं. परत येणं नाही, आईला भेटणं नाही. ताई त्या दिवसांत जेवत नव्हती. मी तिच्यासमोर लापशीची थाळी ठेवायचो, ती लापशी परत भांड्यात ओतून थाळी धुऊन ठेवायची.

खटला उभा राहिला. गोरे पुढे, आम्ही मागच्या कठड्याआड. सरकारी वकील शहाणा होता. त्यानं फोटो मॅजिस्ट्रेटपुढे धरला.

"कॉन्स्टेबल दंडुका डाव्या बाजूला लावतात. इथे उजवीकडे आहे. म्हणजे हा फोटो बनावट आहे."

निगेटिव्ह पालथी मीच घातली होती. दंडुक्याकडे कोण बघतं?

फान टोंडरनं शपथेवर सांगितलं, "माझ्या विजारीवर कधीही कसलीही अक्षरं नव्हती."

म्हाताऱ्या मॅजिस्ट्रेटनी चष्मा वर केला. "पण इथे तर अगदी स्वच्छ वाचता येतंय."

"तेच तर ना साहेब," फान टोंडर उसळून म्हणाला. "सरळ कशी वाचता येतील? ती उलटी होती."

दुभाषा आमच्यासाठी भाषांतर करायचा. एक शब्द गाळणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं खणखणीत आवाजात आमच्या भाषेत सांगितलं, "कॉन्स्टेबलसाहेब म्हणतात, त्यांच्या ढुंगणावरची अक्षरं उलटी होती."

मागच्या कठड्याआड जे व्हायचं ते झालं. मॅजिस्ट्रेटनी हातोडा आपटला.

"कुठली अक्षरं उलटी होती?"

"जी... नव्हती ती, साहेब."

तेवढ्यात पुलेंगताई उठली. दिवस गुरुवारचा, त्यामुळे पोचवायचं गाठोडं तिच्याजवळच होतं. मी तिचा पदर ओढला असता, पण आमच्या बायकांना पदर नसतो. तिनं गाठोडं सोडलं आणि कडक इस्त्री केलेली विजार काढून दोन्ही हातांनी धरली.

"साहेब, ही माझ्याकडेच आहे. रॉकेल लावलं, राख लावली, उकळून काढली. डाग जात नाही. मी यांना रंगाचं आधीच सांगत होते, तर गप्प बस म्हणाले. माझे धुण्याचे पैसे कापू नका."

फान टोंडरनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

मॅजिस्ट्रेटनी विजार टेबलावर पसरली. फोटो उलटा करून मागच्या बाजूनं खिडकीच्या उजेडात धरला. अक्षरं उलटी झाली, दंडुका डावीकडे गेला, सगळं जागच्या जागी बसलं. मग त्यांना रुमालात तोंड घालून बराच वेळ खोकला आला.

शेवटी ते म्हणाले, "फोटो खरा आहे. फक्त पालथा आहे. आरोपीला सोडा. आणि ही विजार न्या इथून."

फान टोंडर विजारीला हात लावायला तयार नव्हता. वकिलानं नाक मुरडलं. शेवटी ताईनंच तिची घडी घालून गाठोड्यात ठेवली, कारण चांगलं कापड टाकून देणं तिला जमत नाही. त्या रात्री ती जेवली. मोलेफी तिच्या समोर बसून दोन थाळ्या जेवला. मी त्याला म्हटलं, "आता लग्नाचे फोटो काढ." तो हो म्हणाला. मी लगेच ओळखलं की हा खोटं बोलतोय.

सोमवारी तो कॅमेरा घेऊन बसथांब्यावर गेला. मी मागोमाग, त्याला ओढून आणायला. आता बाकावर कुणीच नव्हतं. गोऱ्या बायका बाकाकडे संशयानं बघत, स्कर्ट सावरून उभ्या होत्या. आणि शेजारी आमच्या खांबाखाली पुलेंगताई बसलेली. एक रॉकेलचा डबा पालथा घातलेला, त्यावर जाडजूड लांबट उशी. विजारीच्या मागच्या कापडाची, अक्षरं वरच्या बाजूला. ती इंग्रजीवर बसली होती, आफ्रिकान्स बाजूनं दिसत होतं.

फान टोंडर रस्ता ओलांडून आला.

"हे काय आहे?"

"उशी आहे, साहेब. गुडघे दुखतात."

"त्यावर काय लिहिलंय, कळतं का तुला?"

"वाचता कुठे येतं मला, साहेब? पण कोर्टात तुम्हीच शपथेवर सांगितलंत, उलटं लिहिलंय म्हणून." ताईनं पाय लांब केले. "म्हटलं, उलटं असेल तर ते आमच्यासाठीच असणार."

फान टोंडर उशीकडे बघत राहिला. तिला उठवायचं तर ती विजार आपलीच, हे भर चौकात पुन्हा म्हणावं लागणार होतं. त्यानं टोपी सारखी केली आणि पोस्टाकडे निघून गेला.

इतकी वर्षं मी माझ्या बहिणीला त्या खांबाशी उभी बघत आलो. ती बसलेली बघून मला रडू आलं, आणि मी रडलो. मोलेफीनं फोटो काढला. फिल्म कितीला पडते, ते मी बोललो नाही.

छापताना निगेटिव्ह मी सरळ ठेवली.