जागुनला दिलेला आशीर्वाद

मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमधल्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये चंद्रहास सरनोबत तीन वर्षं कॅज्युअल होता. त्याला पर्मनंट करायचं की नाही, हे सुपरवायझर अकिनोला सोमवारी सांगणार होता. त्याच अकिनोलाला रविवारी त्याच्या नायजेरियातल्या गावचं ‘जागुन’ हे योद्ध्याचं पद मिळणार होतं. लॉकडाउन असल्यामुळे झूमवर. चंद्रहासला आमंत्रण होतं, वर दोन शब्द बोलायचे होते.

बिचाऱ्याने अभ्यास केला. अकिनोलाच्या योरुबा समाजात जागुन ही खालची पायरी, बालोगुन म्हणजे सेनापती. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या इबादान शहरात इबिकुनले नावाचा बालोगुन होता. त्याच्या हाताखालचा ओगुनमोला पुढे शहराचा सर्वेसर्वा झाला. चंद्रहासला हे घरचंच वाटलं. सरनोबत तरी कोण, सेनापतीच. एका पूर्वजाने पद मिळवलं, पुढच्या आठ पिढ्यांनी नुसती सही केली.

रविवारी पाचला, वर कोट आणि खाली ट्रॅकपँट अशा वेशात तो म्हणाला, “अकिनोला सर, पुढच्या वर्षी याच दिवशी तुम्ही बालोगुन व्हावं, हीच शुभेच्छा.”

चाळीस चौकोन त्याच्याकडे रोखून बघू लागले. एकातले ऐंशीचे गृहस्थ खोकले. ते बालोगुन होते.

चंद्रहासने गोंधळून म्यूट केलं. शेजारी त्याची बायको विनीता चॅट वाचत होती.

“अरे, वरचा गेला की खालचा एक पायरी चढतो, अशी पद्धत आहे त्यांची. मध्ये अकरा जण, वर हे आजोबा. वर्षभरात बारा उडवलेस तू.”

“कोविडमध्ये?”

“कोविडमध्येच. म्हणून तर असे बघतायत.”

तो घाईने परत बोलला, “सॉरी. बाराही जण शंभर वर्षं जगोत.”

बारा चौकोन खुलले. अकिनोलाच्या आईचा चेहरा मात्र पडला. आता कोणाचं भलं चिंतावं, हे चंद्रहासला कळेना. शेवटी त्याने नुसते हात जोडले.

“मुलगा सरळ आहे,” बालोगुन म्हणाले. “बाकीचे हे मनात म्हणतात.”

सोमवारी अकिनोला मास्कआडून म्हणाला, “पर्मनंट झालास, मेट. टीम लीडर मोहनच्या हाताखाली. त्याला शुभेच्छा देऊ नकोस.”

हा विनोद होता की तंबी, ते चंद्रहासला लंचपर्यंत ठरवता आलं नाही. लंचनंतर मोहनला शिंक आली, तेव्हा कोणी विचारलं नसताना तो म्हणाला, “मी काही बोललो नाही हं.”