अकरावं बटण

मी एक जुना सोडियमचा अणू आहे. हसू नका, मित्रांनो. खरा अणू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शाळेत माझ्यासारखी प्रतिकृती लागते. कोपरखैरण्याच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटावर मी धूळ खात पडलो आहे.

मला नववीतल्या मोनालीने आणि तिच्या आईने, राहीबाईंनी घडवलं. खाली आंब्याच्या पेटीची फळी. मधोमध चिंचोक्यांचं केंद्रक: अकरा चिंचोके नेलपॉलिशने लाल केलेले, ते प्रोटॉन, बारा तसेच ठेवलेले, ते न्यूट्रॉन. भोवती तारेची तीन कडी आणि त्यांवर इलेक्ट्रॉन म्हणून निळी बटणं. राहीबाई शर्टांना बटणं लावायचं काम घरी आणत. त्यांचा टाका असा, की शर्ट फाटेल पण बटण निघणार नाही. आतल्या कड्यावर दोन आणि मधल्यावर आठ बटणं त्यांनी घट्ट बांधली. बाहेरच्या कड्यावर एकटं अकरावं बांधताना मोनाली सहज म्हणाली, की सोडियमचा हा शेवटचा इलेक्ट्रॉन सैल असतो, पटकन निघून जातो. राहीबाईंनी ते अगदी मनावर घेतलं.

"मग कच्चाच टाका घालते," त्या म्हणाल्या. "पुस्तकात हाय तसं झालं पायजे."

एका दोऱ्याचा एकच वेढा. मला त्याचा केवढा अभिमान वाटला, काय सांगू! विकतच्या कुठल्या अणूचं शास्त्र असं कोणी शिवून दिलंय?

विज्ञान प्रदर्शनातून एकच प्रतिकृती जिल्ह्याला जाणार होती. आठवडाभर मोनालीला दुसरं काही सुचत नव्हतं. शेजारच्या टेबलावर क्षिप्राचा अणू होता, वाशीहून विकत आणलेला, दिवे लागणारा. आधी गर्दी तिकडेच होती, पण मोनाली बोलायला लागली तशी मुलं माझ्याभोवती जमली. मग मोनाली पाणी प्यायला गेली आणि क्षिप्रा आली. मला वाटलं, बघायला आली असेल. तिने अकरावं बटण चिमटीत धरून ओढलं. ते येईना. दुसऱ्यांदा जोरात हिसकलं, तेव्हा ते तुटलं आणि तिच्या खिशात गेलं. आमच्या विज्ञानाच्या चारुलता मॅडम, म्हणजे क्षिप्राची आई, दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि त्या पाठ फिरवून निघून गेल्या.

परीक्षक नंदकिशोर सर आले, सोबत चारुलता मॅडमही. त्यांनी बटणं मोजली. "दहा. हा तर निऑन झाला. खाली सोडियम का लिहिलंय?"

मोनालीने बाहेरचं रिकामं कडं पाहिलं, तरी ती म्हणाली, "सर, प्रोटॉन मोजा ना. अकरा आहेत. एक इलेक्ट्रॉन गेला तरी तो सोडियमच असतो."

"परीक्षकांना शिकवतेस?" चारुलता मॅडम म्हणाल्या. "आधी स्वतः मोजायला शीक."

सगळा हॉल हसला. माझे चिंचोके कोणीही मोजले नाहीत. क्षिप्राचा अणू जिल्ह्याला गेला.

दुसऱ्या दिवशी राहीबाई सुई-दोरा आणि नवं बटण घेऊन शाळेत आल्या. "चूक माझी हाय, मॅडम," त्या हात जोडून म्हणाल्या. "टाका मीच कच्चा घातला. पोरीला बोलू नका."

मॅडमनी एका वाक्यात खरं सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी काळजी घ्या. राहीबाईंनी मान डोलावली आणि बटण पदराच्या टोकाला बांधून त्या परत गेल्या.

दहावीनंतर मोनालीने विज्ञान घेतलं नाही. मला मात्र मॅडम दरवर्षी खाली उतरवतात, ओढणीने पुसतात आणि वर्गाला विचारतात, इलेक्ट्रॉन दहाच, मग हा सोडियम कसा? आणि स्वतःच उत्तर देतात: प्रोटॉन मोजा. मुलांना हा तास फार आवडतो. मोनालीचं नाव त्यात कधीच येत नाही.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, नवं बटण लावू नका. माझं एक काम करा. राहीबाई अजून इथेच बटणं लावतात. त्यांच्या चाळीतली एक मुलगी वर्गात सांगत होती, की आता त्या प्रत्येक टाका दोनदा ओढून बघतात. त्या भेटल्या तर त्यांना सांगा, की तुमचा कच्चा टाकासुद्धा पहिल्या झटक्याला तुटला नव्हता.