पूर्वेची भिंत

चौथी भिंत काही केल्या बसेना. देवमननं ती पुन्हा उपटली, कडेची ओली खळ बोटानं पुसली आणि पुठ्ठ्याचा तुकडा परत कोपऱ्याशी आणून टेकवला. समोरची भिंत, पश्चिमेची भिंत, मागची भिंत, तिन्ही आपापल्या रेघेवर शहाण्यासारख्या उभ्या होत्या. पूर्वेची तेवढी मागच्या भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच संपत होती. कोपऱ्यात चांगली बोटभर फट राहत होती.

“झालं का घर?” बाजेवर पडल्या पडल्या पुंजाजीनं विचारलं.

“होऊन राह्यलं, बाबा.”

“म्या खरं घर बांधलं तवा एवढा येळ लागला नव्हता.”

देवमन हसला. वाशीमला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तो ट्रेसर होता. कोसकोस लांबीचे कालवे त्यानं कागदावर बिनचूक उतरवले होते, आणि इथे मेडशीत स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरापाशी त्याचं घोडं अडलं होतं. घरावरचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, काढून टिनं टाकायची होती. लाकडाचं माप घ्यायला शेलूबाजारचा जगदेव सुतार उद्या सकाळच्या गाडीनं येणार होता. देवमननं आधी रीतसर नकाशा काढून वडिलांपुढे ठेवला होता. पुंजाजीनं तो आडवा-उभा फिरवून पाहिला आणि ‘यात माह्यं घर कोठी हाये?’ असं विचारून परत दिला. म्हणून हा पुठ्ठ्याचा खटाटोप. निदान पुठ्ठ्यातलं घर तरी वडिलांना ओळखू येईल असं त्याला वाटलं होतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि खरं म्हणजे सगळा जीव तिच्यातच अडकला होता. पूर्वेच्या भिंतीच्या पुठ्ठ्यात देवमननं पात्यानं तीन बाजूंनी कापून एक लहानशी उघडणारी खिडकी केली होती. घरातली चूल याच भिंतीला लागून होती. धूर जायला वाट नव्हती, आणि त्याच्या आईचे, केशरबाईचे डोळे आताशा बाराही महिने लाल असत. डॉक्टरनं थेंब दिले, वर धुरापासून लांब राहायला सांगितलं. चुलीपुढे बसणाऱ्या बाईनं धुरापासून लांब म्हणजे नेमकं कुठं बसायचं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. छप्पर निघतंच आहे तर खिडकीही करून घ्यावी, असं देवमननं मनाशी ठरवलं होतं. उद्या जगदेव माप घेऊन गेला की मग ते राहिलंच.

पुंजाजी बाजेवरून उठून आला. त्यानं पुठ्ठ्याचं घर तळहातावर घेतलं, दाराशी एक डोळा लावला आणि समाधानानं मान हलवली. मग त्याची नजर त्या खिडकीवर गेली.

“हे काय?”

“खिडकी. मायसाठी.”

“पूर्वेच्या भितीवर आढं टेकलं हाये. तिथं भोक पाडलं तं आढं खाली येईन. म्या बांधली ते भित. मले मालूम हाये तिच्यात किती दम हाये.”

आणि हाताला लागलेल्या ओल्या खळीनंच त्यानं अंगठ्यानं ती खिडकी दाबून बंद करून टाकली. आतून केशरबाईच्या खोकल्याचा आवाज आला. देवमनला संताप आला, पण ‘म्या बांधली’ या दोन शब्दांपुढे या घरात कुणाचंच काही चालत नसे.

पुंजाजीजवळ सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या आणि त्यांतली एक ऐकल्याशिवाय पाहुण्याच्या हाती चहा पडत नसे. पहिली गोष्ट घराची. दोरी लावून कसं आखलं, गढीखालची पांढरी माती कशी वाहून आणली, त्या मातीचा गारा कसा तुडवला. दुसरी गोष्ट जेलची. गायरानाची जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा वस्तीतल्या चार जणांबरोबर पुंजाजीही तुरुंगात जाऊन आला होता. पोलिसांच्या गाडीत चढताना त्यानं अशी घोषणा दिली, की म्हणे फौजदाराची टोपी हलली. दोन्ही गोष्टी तो रंगवून सांगे, पण एका बैठकीत दोन्ही कधी सांगत नसे. देवमन त्या काळात वाशीमच्या वसतिगृहात राहून शिकत होता. त्यामुळे घराचं काय आणि जेलचं काय, त्याला सगळं ऐकूनच ठाऊक.

त्यानं पुन्हा फटीकडे पाहिलं. कात्री वाकडी चालली म्हणावं, तर पुठ्ठ्याची कड सरळ होती. माप उतरवताना चूक झाली म्हणावं, तर कागदावरचा आकडा आणि पुठ्ठ्याची लांबी जुळत होती. मग त्याला एकदम टेप आठवला. कचेरीतून आणलेला तो कापडी टेप टोकाशी फाटलेला होता. पहिलं फूट केव्हाच गळून पडलं होतं, म्हणून सगळे दुसऱ्या फुटापासून मोजत आणि मग एक वजा करत. एखाद्या भिंतीला आपण दोनदा वजा केलं असणार! त्याचा चेहरा खुलला.

“बाबा, टेप धरा बरं जरा.”

“पुन्हा? सकाळी धरला नव्हता काय?”

“कोपऱ्याले बरोबर टेकोला होता ना?”

“म्या आंधळा हावो काय?” पुंजाजी म्हणाला, पण धोतर सावरत निघाला. उद्योग कसलाही असो, त्याला बसवत नसे.

दोघांनी घराला वळसा घालून चारही भिंती पुन्हा मोजल्या. देवमननं ओठ हलवत वजाबाकी केली, पुन्हा केली. आकडे सकाळचेच आले. टेपाचा काही गुन्हा नव्हता. पूर्वेची भिंत पश्चिमेच्या भिंतीपेक्षा खरोखरच चांगली दीड फूट तोकडी होती.

घराच्या मागे तुराट्यांचे भारे रचून ठेवले होते. देवमननं ते एकेक करून बाजूला ओढले, मागच्या कोपऱ्याशी उकिडवा बसला आणि भिंतीला गाल लावून एका डोळ्यानं सरळ पाहिलं. मागची भिंत पूर्वेकडे जाता जाता हळूहळू आत सरत होती. वसतिगृहातून सुट्टीत आला की याच भिंतीवर त्यानं चेंडू आपटला होता, इथंच लपून आंबट बोरं खाल्ली होती, आणि ही भिंत तिरपी आहे हे त्याला आज कळत होतं. खरं तर वैताग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला मजा वाटायला लागली. रोजचं माणूस डावखुरं आहे हे इतक्या वर्षांनी ध्यानात यावं, तसं काहीसं.

“घर वाकडं हाये, बाबा.”

“वाकडं?” पुंजाजीला ते भलतंच लागलं. “म्या दोरी लावून आखलं. नऊ हात खोल म्हंजे नऊ हात. थांब, तुह्या त्या फाटक्या टेपाचं काय कामच नाई.”

तो तरातरा पश्चिमेच्या भिंतीपाशी गेला. कोपर कोपऱ्याला टेकवलं, बोटं ताणली, जिथं मधलं बोट संपलं तिथं पुन्हा कोपर ठेवलं. असं मोजत मोजत तो मागच्या कोपऱ्यावर पोचला तेव्हा बरोबर नऊ भरले. त्यानं विजयी मुद्रेनं मुलाकडे पाहिलं.

“आता तिकडली,” देवमन म्हणाला.

पूर्वेच्या भिंतीला पुंजाजीनं त्याच रुबाबात सुरुवात केली. पाच, सहा, सात. आठवा हात भरला आणि भिंत संपली. पुंजाजीचं कोपर पुढचा हात घ्यायला उचललेलं तसंच राहिलं. त्यानं परत जाऊन पहिल्यापासून मोजलं. पुन्हा आठ.

“सरकली असन,” तो म्हणाला. “पावसापान्यानं.”

“सरकली असती तं तडा गेला असता. तडा कोठी हाये?”

तडा नव्हता. पुंजाजीनं भिंतीवरून तळवा फिरवला, जणू तडा लपून बसला असेल. इतक्यात धुरानं बेजार झालेली केशरबाई डोळे पुसत बाहेर आली. भाकरी थापता थापता उठली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठानं पांढरे.

“काय मोजून राह्यले बापलेक?”

“तुह्या पोरानं घर वाकडं काढलं,” पुंजाजी म्हणाला. “हे भित आठच हात हाये म्हंते.”

“आठ कायची? नऊ हाये.”

“आता मोजली म्या.”

“मोजली असन. नऊ हाये थे.”

ती इतक्या सहज बोलली की देवमन तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्याची नजर तिच्या पिठानं माखलेल्या हातावर गेली, तिथून वडिलांच्या हातावर, आणि पुन्हा तिच्या हातावर. पुंजाजी वस्तीतला उंच गडी, केशरबाई त्याच्या खांद्यालाही लागत नसे. 

“माय, मोजून दाखव बरं.”

“भाकर जळन ना.”

“जळू दे.”

केशरबाईनं पदर खोचला आणि समोरच्या कोपऱ्याला कोपर लावलं. भिंतीवर पिठाचा एक हात उमटला. त्याच्यापुढे दुसरा, मग तिसरा. ती भरभर मोजत गेली. नवा पुठ्ठा, फाटका टेप, वजाबाकी यांतलं काहीच तिला लागलं नाही. मागच्या कोपऱ्याच्या कडेवर तिचं मधलं बोट टेकलं तेव्हा मातीच्या भिंतीवर पांढऱ्या हातांची ओळ लागली होती. देवमननं ते मोजले. नऊ होते.

पुंजाजीनं एका पांढऱ्या हातावर आपला हात लावून पाहिला. त्याचा पुढे गेला.

“तुले कसं मालूम होतं?” देवमननं विचारलं.

“म्याच घेतले न ते.” तिनं पुंजाजीकडे पाहिलं, मग मुलाकडे. “हे जेलात गेले तवा दोन भिती झाल्या होत्या. दोन राह्यल्या होत्या. खोदून ठेवलेली माती काय तशीच ठेवतं कोनी? शेजारच्या भागिरथानं गारा तुडवला, म्या भित चढवली. माह्या कंबरेइतकी. वरतं यायनं आल्यावर केलं, अन् कवेलू टाकले.”

“अन् नऊ हात?”

“यायनंच तं सांगतलं! पोलिसांच्या गाडीत चढता चढता वरडले, ‘केशर, तिकडली भित नऊ हात ठेवजो!’ म्या नऊ हात ठेवली.”

“म्या घोषना देल्ली होती,” पुंजाजी म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

“देल्ली ना. ते नंतर देल्ली.”

देवमनला हसू फुटत होतं. घराची गोष्ट आणि जेलची गोष्ट एकाच हिवाळ्यातली होती. दोन्ही त्यानं शंभरदा ऐकल्या होत्या, आणि त्या एकमेकींना कुठं भिडतात हे कधी पडताळून पाहिलं नव्हतं. फट पुठ्ठ्यात नव्हतीच. त्यानं भीत भीत वडिलांकडे पाहिलं. म्हातारा आता चिडेल, निदान बाजेवर जाऊन तोंड फिरवून पडेल, असं त्याला वाटलं.

पुंजाजी भिंतीवरच्या पिठाच्या हातांकडे पाहत होता. तो खोटं सांगत आला होता असंही म्हणता येत नव्हतं. सांगता सांगता गोष्ट आवळत गेली होती आणि एक माणूस तिच्यातून बाहेर राहून गेलं होतं.

“इतक्या लोकायपाशी सांगत आलो,” तो हळूच म्हणाला. “एखाद्या डाव बोलली काहून नाई?”

“तुमी सांगून राह्यले होते,” केशरबाई म्हणाली. “मधात काय बोलू?”

ती भाकरी पाहायला आत वळली. पुंजाजीही तिच्यामागे गेला, पण आत थांबला नाही. ओट्यावरचं पुठ्ठ्याचं घर एका हातात आणि चुलीतला विझलेला कोळसा दुसऱ्या हातात घेऊन तो परत आला. अंगठ्यानं दाबलेली खिडकी त्यानं नखानं उचकटून पाहिली. खळ वाळली होती. नेट लावल्यावर ती उघडली, पण कडेला थोडा पुठ्ठा फाटलाच.

“जगदेवले सांगजो,” तो देवमनला म्हणाला, “आढ्याखाली जाड लाकूड दे म्हना.”

मग त्यानं दाराकडे तोंड करून हाक मारली.

“ओ, बाहेर ये. खिडकी केवढी पाह्यजे तुले?”

केशरबाई दारात आली. हातात उलथनं होतं. नवऱ्याच्या हातातला कोळसा पाहून ती तिथंच थबकली. तिनं मागे धुरानं भरलेल्या घराकडे एकदा पाहिलं.

“दीड हात,” ती म्हणाली.

“कोनाच्या हातानं?”

केशरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग उलथनं मुलाच्या हाती देऊन ती भिंतीपाशी आली, चुलीच्या वरचा भाग अंदाजानं शोधला आणि तिथं आपलं कोपर टेकवलं. देवमननं टेप गुंडाळून खिशात टाकला. पुंजाजी वाकला, आणि तिच्या मधल्या बोटाच्या टोकाशी त्यानं कोळशानं जपून एक रेघ ओढली.