बोलीचा नेम

नांदुऱ्याच्या स्टेशनातून गावात शिरलं की तान डॉक्टरांचं दुकान लागायचं. पाटीवर भलीमोठी बत्तीशी रंगवलेली, लालभडक हिरड्यांसकट, आणि तिच्याखाली 'चिनी दाताचे डॉक्टर'. दात चिनी का डॉक्टर चिनी, अशी चेष्टा गावानं पंधरा वर्षं केली आणि दात दुखला की मुकाट्यानं त्याच खुर्चीत येऊन बसलं. डॉक्टर कलकत्त्याहून आलेले, पण वऱ्हाडी अशी बोलायचे की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, हा जळगाव-जामोदचा एखादा पाटील आहे. "आ करा दाजी, जराकसं दुखीन, मंग खुशाल बोंबला," म्हणायचे आणि माणूस हसेपर्यंत दात हातात यायचा.

त्यांची बायको मात्र तशी नव्हती. गल्ली तिला तानीणबाई म्हणायची. ती चिनीशिवाय काही बोलत नसे. बाजारापुरते दहा-पंधरा शब्द तिनं गोळा केले होते: किती, दे, घे, नको, मीठ, तेल, बस. एवढ्या भांडवलावर ती दर आठवड्याचा बाजार करून यायची आणि कुणी तिला फसवल्याचं ऐकिवात नाही. बाकी सगळं बोलणं तिनं लेकीसाठी राखून ठेवलेलं. लेक घरी शाओमेई आणि शाळेच्या पटावर श्यामा. संध्याकाळी दोघी मागच्या अंगणात भाजी निवडत बसल्या की तानीणबाईच्या तोंडाला खळ नसायचा. शेजारच्या गोजरबाईला त्यातलं अक्षर कळत नसे, तरी ती कुडापलीकडून ऐकत बसायची. "पाखराचा थवा उतरल्यावानी वाटते बाप्पा," म्हणायची.

या श्यामाचं घोडं इंग्रजीपाशी अडलं होतं. मॅट्रिकला ती मागच्या वर्षी एकट्या इंग्रजीत आपटली. अकोल्याच्या दवाखान्यात नर्सिंगची जागा तिच्यासाठी जवळजवळ ठरलेली, पण तिथल्या मेट्रनबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, इंग्रजीत पास होऊन ये. निबंध ती कसाबसा लिहायची. भाषांतराच्या उताऱ्यात बुडायची. उतारा छापील मराठीत असायचा, जी मराठी नांदुऱ्याच्या रस्त्यावर कुणी बोलत नाही. श्यामा आधी तिची वऱ्हाडी करायची, वऱ्हाडीची मनात चिनी करायची आणि मग चिनीची इंग्रजी. तीन गाड्या बदलून आलेल्या माणसासारखी तिची वाक्यं पोचायची, निम्मं सामान वाटेत हरवलेलं.

डॉक्टरांनी तिला चिंतामण मास्तरांकडे घातलं. मास्तरांच्या हाताखालचा पोरगा इंग्रजीत नापास होत नाही, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती आणि ती त्यांनी नीट सांभाळली होती. त्यांची सगळी विद्या एका कलमात मावायची: घरची बोली सोडा. जो पोरगा घरी 'मले-तुले' करतो त्याला कधी चांगली मराठी यायची नाही, आणि मराठी नाही तर इंग्रजी कुठली! ते स्वतः मूळचे धाडचे, पण पुण्यात शिकून आलेले, आणि पुण्यात त्यांच्या बोलण्यावर कोण किती हसलं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आई अन्नपूर्णाबाईंशीही ते पुस्तकासारखं बोलायचे. म्हातारी चहा घेऊन यायची, "चिंत्या, थंडा होऊन राह्यला बाबू," म्हणायची, आणि मास्तर "ठेव तिथं, घेतो मी," असं म्हणून पोरांकडे बघायचे, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर सरहद्दीवर लढाई सुरू झाली. कालपर्यंत चेष्टेचा असलेला चिनी शब्द एका आठवड्यात शिवीचा झाला. डॉक्टरांना ठाण्यावर हजेरी लागली. ज्यांचे दात त्यांनी उपटले होते तेच लोक आता दुकानावरून जाताना तोंड फिरवायला लागले. तरी श्यामाची शिकवणी मास्तरांनी बंद केली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. दोघा-तिघांनी त्यांना टोकलं, तेव्हा "विद्यार्थ्याला सरहद्द नसते," असं ते चांगलं वाक्य बोलले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी श्यामाला समोर बसवलं.

"तुझी चूक कुठं होते ते मला सापडलं आहे," ते म्हणाले. "तू चिनीत विचार करतेस."

"हाव सर. म्हंजे, हो सर."

"पेपर होईपर्यंत चिनी बंद. तोंडात नाही, मनातही नाही. आई काही बोलली तर उत्तर मराठीत द्यायचं, नाहीतर इंग्रजीत. जमेल?"

"मा ले... आईला मराठी येत नाही, सर."

"मग तीही शिकेल. आणि हल्लीचे दिवस बघता," मास्तरांनी आवाज उतरवला, "तुमच्या घरातून ती भाषा कमी ऐकू आली तर तुमचंच बरं."

मास्तरांना तिचं वाईट करायचं नव्हतं. चांगलं करायला निघालेली माणसं कुठं कुठं पाय देतात ते त्यांना दिसत नाही, एवढंच.

श्यामानं घरी येऊन आईला शेवटचं म्हणून चिनीत सांगितलं: परीक्षा होईपर्यंत मी बोलणार नाही, सरांनी सांगितलंय. तानीणबाईनं मान डोलावली. तिला वाटलं असेल, पोर चार दिवसांत विसरेल. पण पोर हट्टाची निघाली. आई बोलायची, ही ऐकायची, आणि उत्तर मराठीत द्यायची. उत्तर आईला कळायचं नाही. दोन-तीनदा विचारून ती गप्प बसायची.

अंगणातला पाखरांचा थवा उडाला तसा गोजरबाईला चैन पडेना. तिनं कुडावरून श्यामाला गाठलं.

"काऊन वं पोरी, मायसंग बोलत काऊन नाहीस? भांडली का?"

"नाही मावशी. पेपर होईपावतर चिनी बोलायचं नाही, असं हाय."

"म्हंजे नेम धरला म्हन की!" गोजरबाईचा चेहरा खुलला. ती स्वतः चातुर्मासाचे चार महिने वांगं सोडायची आणि नेम सुटला की चुलीवर भरताचा घमघमाट सुटायचा. "मंग बरं हाय. मी सांगतो तुह्या मायले. नेम म्हंजे काही कायमचं नाही."

आणि तिनं खरंच तानीणबाईला सांगितलं, हातवारे करून, तोंडावर बोट ठेवून, वांगं दाखवून. तानीणबाईनं वांगं बघितलं, गोजरबाईकडे बघितलं, आणि "किती?" असं विचारलं. गोजरबाई पोट धरून हसली. श्यामाही हसली. नेम हा शब्द तिला फार आवडला. त्या शब्दामुळे सगळं सोपं झालं. आई म्हणजे जणू वांगंच. चार महिने सोडलं, मग पुन्हा आहेच.

संक्रांत झाल्यावर कलकत्त्याहून कार्ड आलं. तिकडे चीनमध्ये तानीणबाईची आई गेली होती, महिन्यापूर्वीच. डॉक्टर ठाण्यावर हजेरीला गेलेले. श्यामा खाटेवर बसून उतारा सोडवत होती. तानीणबाई कार्ड घेऊन तिच्याजवळ येऊन बसली आणि बोलायला लागली. हळू आवाजात, दाराकडे पाठ करून. तिची आई नदीकाठच्या गावात कशी राहायची, पूर आला तेव्हा तिनं पोरांना छपरावर कसं चढवलं, पाय मोडला होता तरी. कलकत्त्याच्या बोटीत बसवताना काय म्हणाली. हे श्यामानं कधीच ऐकलं नव्हतं. मा आपल्या आईबद्दल बोलतच नसे. आज बांध फुटल्यासारखं येत होतं, आणि श्यामाचे कान ते सगळं पीत होते. तिच्याही ओठांवर चिनी आली. बोटीत बसताना काय म्हणाली, मा?

पण पेपरला सहा आठवडे राहिले होते. कालच तिचा पहिला उतारा एकही चूक न होता उतरला होता, मास्तरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. आत्ता बोललं तर सगळं पुन्हा घसरेल, असं तिला वाटलं. तिनं ओठ आवळले.

"मा, पेपर झाल्यावर सांग," ती मराठीत म्हणाली. "तेव्हा सगळं ऐकते."

तानीणबाई मधेच थांबली. लेकीच्या तोंडाकडे तिनं बराच वेळ पाहिलं. मग कार्ड घडी करून कमरेला खोचलं आणि तांदूळ धुवायला उठली. श्यामानं पुढचा उतारा काढला. त्या उताऱ्यात तिची एकच चूक झाली.

त्यानंतर तानीणबाई बदलली. दुपारी ती गोजरबाईच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. एकेक वस्तू दाखवून नाव विचारायची आणि दिवसभर ते पुटपुटायची. पाणी, चूल, जेव, झोप, चांगलं, म्हातारी. आता लेकीशी ती मराठीतच बोलायची, दोन-दोन शब्दांत. "चहा घे." "दिवा लाव." श्यामाला आनंद झाला. तिनं आईचे उच्चारसुद्धा सुधारले, अगदी मास्तरांसारखं बोट उचलून. मास्तरांना सांगितलं तेव्हा तेही खूश झाले. "बघ, सगळ्या घराला वळण लागलं," म्हणाले.

मलकापूरच्या केंद्रावर पेपर झाला. भाषांतराला एका राजाच्या हत्तीचा उतारा होता आणि तो हत्ती श्यामानं अलगद इंग्रजीत नेऊन उभा केला. मधे चिनीचा एक शब्द आडवा आला नाही. परतीच्या पॅसेंजरमध्ये ती खिडकीशी बसून एकच गोष्ट घोळवत होती: घरी गेल्या गेल्या काय बोलायचं. इतक्या महिन्यांचं साठलेलं. शेवटी तिनं साधंच ठरवलं.

दारात पाय ठेवताच ती चिनीत ओरडली, "मा, भूक लागली! काय केलंयस?"

तानीणबाई चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं, हसली, आणि म्हणाली, "हात धू. जेव."

"मा, पेपर झाला. आता बोलायचं," श्यामा पुन्हा चिनीत म्हणाली.

"हो. चांगलं," तानीणबाई मराठीत म्हणाली आणि ताट वाढलं.

श्यामाला वाटलं, रस्त्यावरच्या लोकांची भीती असेल. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात विचारलं, तिसऱ्या दिवशी पाणवठ्याच्या वाटेवर. आई सगळं ऐकायची आणि मराठीत उत्तर द्यायची. रुसवा नव्हता, राग तर मुळीच नव्हता. रात्री पडद्यापलीकडे बापाशी ती चिनीत बोलायची. श्यामाला ऐकू यायचं. श्यामा पडद्याशी गेली की गप्प व्हायची, आणि "झोप, बाई," म्हणायची.

श्यामानं बापाला धरलं. डॉक्टरांनी आपला चिमटा पुसून ठेवला.

"म्या लय समजावलं तिले," ते म्हणाले. "ते म्हणते, पोरीनं मोठ्या मुश्किलीनं आपली बोली काढून टाकली. आता नर्स होईन, मोठ्या लोकाइत राहीन. आपण कशाले पुन्हा तिच्या तोंडात घालाची? तिच्या मनात आता हे पक्कं बसलं हाय."

"पण बाबा, तो नेम होता!"

"नेम पुन्हा सुटते, हे तिले काय मालूम," डॉक्टर म्हणाले.

जूनमध्ये निकाल लागला. श्यामा इंग्रजीत शाळेत पहिली. चिंतामण मास्तर स्वतः पेढे घेऊन दुकानात आले, लढाईनंतर पहिल्यांदाच. गावातले चार लोकही आले, त्यातल्या एकानं तर दात दाखवून घेतला. मास्तर म्हणाले, "माझं ऐकलं म्हणून झालं." श्यामा त्यांच्या पाया पडली. पडताना तिला रडू आलं. मास्तरांना वाटलं, आनंदाचं आहे. आनंदाचं नव्हतं. आपणच हे केलं, मास्तरांनी नुसतं सांगितलं होतं, हे तिला त्यांच्या पायांपाशी वाकल्यावर कळलं.

अकोल्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी ती अंगणात आईजवळ जाऊन बसली. तानीणबाई मेथी निवडत होती. श्यामानं तिच्या हातातली जुडी काढून घेतली.

"मा," ती चिनीत म्हणाली, "आजीचं सांग. बोटीत बसवताना ती काय म्हणाली? मी उद्या जाणार. मला सगळं ऐकायचंय."

तानीणबाईनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. सांगायचं तिच्या मनात आलं होतं, हे तिच्या तोंडावर साफ दिसत होतं. ती शब्द शोधायला लागली, ओठ हलवत, गोजरबाईच्या ओट्यावर शिकलेल्या सगळ्या शब्दांतून. नदी तिच्याजवळ नव्हती. पूर नव्हता, छप्पर नव्हतं, बोट नव्हती.

"म्हातारी चांगली होती," ती म्हणाली.

श्यामा वाट बघत राहिली.

"लय चांगली," तानीणबाई म्हणाली. मग थोडं थांबून, अगदी हळू, "मेली."

त्यापुढचं मराठी तिला येत नव्हतं.