नोंद न झालेली बंगली

मी एक जुनी बंगली आहे. भिंगारच्या बाजारामागे, उताराच्या गल्लीत चौऱ्याण्णव वर्षे उभी आहे. मित्रांनो, येत्या सोमवारी मला पाडणार आहेत, म्हणून आजच बोलून घेते.

रंभाजींनी मला एकोणीसशे एकतीस साली बांधले. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला जाऊन आले होते. परतल्यावर लष्कराच्या गोदामात कामाला लागले. साहेबांच्या बंगल्यांवरून रोज जाता-येता व्हरांडा कसा काढतात, कौले कशी बसवतात, हे त्यांनी डोळ्यांत साठवले. मग घडीव दगडाचे जोते, चुन्याच्या भिंती आणि मंगलोरी कौले घेऊन मी उभी राहिले. "रंभाजीला सायबाची हौस आलीय," असे म्हणत लोक हसले. त्या हसण्यात राग होता. ज्यांना गावाच्या आडावर पाणी शेंदायची मनाई, त्यांच्यातल्या एकाने गल्लीतले सगळ्यांत देखणे घर बांधले होते.

रंभाजींनी माझ्या परसात स्वतःचा आड खणला. छप्पन्न साली घर बौद्ध झाले, तेव्हा व्हरांड्यात सारी वस्ती दाटीवाटीने बसली होती. तेवढी माणसे मी पुन्हा पाहिली नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात सगळे आड आटले, माझा तेवढा टिकला. एके सकाळी वरच्या आळीच्या साळूबाई रिकामा हंडा घेऊन दारात आल्या. त्यांच्या सासऱ्यांनीच कधीकाळी रंभाजींना आडावरून हाकलले होते. साळूबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. रंभाजींची सून चांगुणाबाई बाहेर आली.

"उभ्या का? आना हंडा इकडं."

"तुमच्या मामंजींना चालंल?"

म्हातारे रंभाजी व्हरांड्यातून म्हणाले, "पोरी, तहान म्हंजी काय, ते आमाला ठाव हाय. भर हंडा."

पुढे दोन महिने वरच्या आळीने माझे पाणी नेले. आपापल्या घरी ते किती जणांनी सांगितले, मला ठाऊक नाही.

नंतर नळ आला आणि आड बुजवला. माणसे वाढली, खोल्या वाढल्या नाहीत. आता रंभाजींचा नातू प्रशांत दोन मुले, सुना आणि नातवासह इथे राहतो. माझी कौले गळतात. त्याची बहीण वृषाली निवृत्त शिक्षिका आहे. मला जुन्या वास्तूंच्या यादीत घ्यावे, म्हणून तिने अर्ज केला.

पाहणीला साहेब आले. चांगले गृहस्थ होते, पायताण बाहेर काढून आत आले. भिंतींकडे बघत म्हणाले, "नक्षीकाम काही दिसत नाही. कोणी मोठं माणूस इथं राहिलं होतं का, मॅडम?"

"माझे आजोबा राहिले."

"तसं नाही. इतिहासात नाव आहे, असं कोणी?"

त्या आठवड्यात वृषालीने माझी सारी हकिगत सात पानांत लिहिली आणि अर्जाला टाचली.

चार महिन्यांनी कागद परत आले. 'वारसामूल्य आढळून येत नाही.' सातही पानांची टाचणी जागची हलली नव्हती.

"ताई, आता तरी पाडायच्या कागदावर सही कर," प्रशांत म्हणाला. "तू दोन दिवस येती अन् जाती. पावसात नातवाच्या पाळण्यावर ताडपत्री आमी धरतो."

त्याचे खोटे नव्हते. तिने सही केली.

काल ती शेवटची आली. व्हरांड्यात बसून तिने ती सात पाने मोठ्याने वाचली. मलाच ऐकवत असावी. प्रशांत दाराच्या बिजागऱ्या सोडवत होता. तिसऱ्या पानाला त्याचा हात थांबला. शेवटच्या पानाला तो जमिनीवर बसला होता.

"साळूबाईचं मला कुणीच कसं सांगितलं न्हाई?"

"तू कधी विचारलंच नाहीस."

तो बराच वेळ जोत्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "टेम्पो ठरलाय, ताई. सगळं ठरलंय." आणि पुन्हा पेचकस उचलला.

मित्रांनो, मला वाचवा, असे मी म्हणत नाही. त्याला उशीर झाला. पण तुमच्या गल्लीतही नक्षी नसलेले, नामवंत नसलेले एखादे घर असेल. त्याचे माणूस जिवंत आहे तोवर आत जा, पाणी मागा आणि विचारा, हे कोणी बांधले, कशासाठी बांधले. पाडल्यावर उत्तर द्यायला कोणी राहत नाही.