शोचे हुक

सणसरच्या फाट्यावर रसूलचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि दुकानात रसूलपेक्षा त्याच्या बायकोचा, फरिदाचा, आवाज मोठा होता. गिऱ्हाईक तीच सांभाळायची. रसूल हाताचा पक्का आणि तोंडाचा कच्चा. कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. एकदाच जमत होतं, तर ते फरिदानं मोडून काढलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दिग्विजय त्याची नवी जीप घेऊन आला. चिखलात, डोंगरात कुठंही घाला, चारही चाकं ओढणारी जीप. फाट्यावरची ही दुकानाची जागा त्याच्या वडिलांची, तात्यांची. त्यामुळं पोरगा दुकानात यायचा तो गिऱ्हाइकासारखा नव्हे, मालकासारखा. जीपला त्यानं पुण्याहून दांडगा काळा बंपर आणून बसवला होता. आता त्यावर दोन जाडजूड लाल हुक पाहिजे होते, मोबाईलमध्ये बघितले होते तसे, आणि उद्याच्या पूजेला पाहिजे होते.

रसूलनं बंपरवर बोटानं वाजवून बघितलं. "ह्यो नुसता पत्रा हाय, दिग्विजयराव. ह्याच्यावर हुक धरायचा न्हाय. बंपर उतरवून हुक चेसीला बोल्टानं आवळाय पायजे, मागनं जाड प्लेट टाकून. तसलं बोल्ट बारामतीवरनं आणावं लागत्याल. परवा देतो."

"परवा काय पूजा हाय व्हय? आन मला काय डोंगर वढायचाय? शोला पायजेत फकस्त. वेल्डिंग मारा आन लाल रंग द्या."

"हितं शोचा हुक नसतो. हुक दिसला की लोक दोर लावत्यात."

रसूल काही खोटं बोलत नव्हता. कारखाने सुरू झाले की उसाच्या रानात रोज कुणाचा ना कुणाचा ट्रॅक्टर रुततो, आणि रुतलेल्या गाडीपुढून जो सरळ निघून जातो त्याचं नाव पुढचा हंगाम येईपर्यंत खराब राहतं. वाटेनं जाणाऱ्यानं थांबायचं आणि ओढायचं, ही रीतच आहे. रुतलेला कोण, त्याच्याशी भाऊबंदकी आहे की कोर्टकचेरी, हे तेव्हा कुणी काढत नाही. गाडीला हुक कुठं आहे तेवढं बघतात.

पण फरिदाला त्या घडीला हुक दिसत नव्हता, पायाखालची जागा दिसत होती. तात्या फाट्यावर पेट्रोल पंप टाकणार, अशी कुजबुज गावात होतीच. तिनं नवऱ्याला भट्टीमागं ओढलं. "त्यो सोता शोला म्हनतोय न्हवं? मग तुमचं काय जातंय? उद्या जागा खाली करा म्हनला तर पोरीला घिऊन कुठं बसायचं? मारा वेल्डिंग."

रसूलनं मारलं. दुसऱ्या दिवशी त्या लाल हुकांना झेंडूचे हार लागले. दिग्विजयनं चहाच्या टपरीवर चार लोकांत सांगितलंही, "रसूल बारामतीचं बोल्ट पायजेत म्हनून अडून बसला हुता. बायको शहानी, तिनं उरकून दिलं." लोक हसले. फरिदाच्या कानावर आलं तेव्हा तिला बरंच वाटलं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं आहे. मोल असतं, फक्त हौस एकाची आणि भरणारा दुसराच.

इथं भरणारा निघाला दत्तोबा. कारखान्याला ऊस वाहणारा साधा माणूस, आणि फरिदाला सख्ख्या दिरापेक्षा जवळचा. तिच्या पोरीच्या, मुबशिराच्या, जन्माच्या वेळी ओढ्याला पूर आला होता, एकही गाडी पलीकडं जायला तयार नव्हती. तेव्हा यानंच कळा देणाऱ्या फरिदाला ट्रॅक्टरवर घालून बारामतीच्या दवाखान्यात पोचवलं होतं. सारी वाट बिचारा एकच सांगत होता, "वहिनी, खड्डा आला, दात आवळा."

दिवाळी झाली, हंगाम लागला, आणि दत्तोबाचाच ट्रॅक्टर रुतला. पाण्याची चारी फुटून रानाचं लोणी झालं होतं. ट्रॉली सोडून झाली, चाकाखाली पाचट घालून झालं, ट्रॅक्टर जागचा हलेना. तेवढ्यात बांधाकडच्या रस्त्यानं लाल हुकांची जीप आली. माणसांनी हात केला. चारचौघांत दिग्विजय नाही कसं म्हणणार? आणि शोचे आहेत हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं जीपचं तोंड ट्रॅक्टरकडं केलं. वायररोपचं एक टोक ट्रॅक्टरला लागलं, दुसरं लाल हुकात. जीप मागं घेत त्यानं एक झटका दिला. ट्रॅक्टर जरासा हलला. मग त्याला चेव आला आणि त्यानं दुसरा झटका दिला.

बंपर फाटला. वायररोपासकट हुक उसळून ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून आला आणि सीटवर बसलेल्या दत्तोबाच्या छातीत बसला. तो मागं उडाला आणि सोडून ठेवलेल्या ट्रॉलीच्या दांडीवर कमरेत आपटला. त्यानंतर कमरेखालचं शरीर त्याचं उरलं नाही.

दवाखान्याचं सगळं तात्यांनी केलं, आणि गावानं तात्यांना देवमाणूस म्हटलं. दत्तोबानं क्लच अवेळी सोडला, असं ठरलं. कुणी ठरवलं विचाराल तर कुणीच नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं तर त्याला बैठक बसवावी लागत नाही, ते आपलं आपण ठरतं.

रसूल रानात जाऊन तो हुक घेऊन आला. बराच वेळ उलटासुलटा करून बघत बसला. "वेल्डिंग सुटलं न्हाय," तो म्हणाला. "पत्रा फाटून संगट आलाय." मग म्हणाला, "फरिदा, मी जाऊन सांगतो, कसं झालं ते."

"सांगून त्येंचं पाय येनार हायत का? जागा तेवढी जाईल. आन वेल्डिंग सुटलं न्हाय न्हवं? मग आपला काय गुन्हा?" बोलताना तिला स्वतःचीच किळस आली, पण ती बोलली. त्या दिवसापासून बाजाराला जाताना ती दत्तोबाच्या घरावरून जायची बंद झाली, तळ्याकडून लांबचा वळसा घ्यायला लागली. तिला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

मग एक दिवस दत्तोबाची बायको बनाबाईच दुकानात आली. खाटेच्या वर भिंतीत लोखंडी कडं पाहिजे होतं, धरून उठून बसता येईल असं. "रसूलभावजींच्या हातचंच पायजे म्हनत्यात. दुसऱ्याला सांगू नगं म्हनलं."

रसूल तिथल्या तिथं मोटरसायकल काढून बारामतीला गेला.

परत येऊन त्यानं दत्तोबाच्या खाटेवरच्या भिंतीला आरपार भोकं पाडली. फरिदा भिंतीपलीकडं, गोठ्याच्या बाजूला, जाड प्लेट धरून उभी राहिली. एकेक बोल्ट भिंतीतून तिच्या तोंडासमोर बाहेर आला, तिनं प्लेट त्यावर चढवली, आणि रसूलनं बाहेर येऊन अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून नट आवळले. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. तो घामच असावा, असं तिनं मानून घेतलं.

ती आत आली तेव्हा दत्तोबानं कडं धरलं होतं. खांदे उचलले, छाती उठली, पाय होते तिथंच राहिले. त्यानं पुन्हा एकदा सारा भार टाकून बघितलं. कडं हललं नाही.

"मागनं प्लेट टाकलीस व्हय रं?" त्यानं विचारलं.

"व्हय," रसूल म्हणाला.

"आन बोल्ट?"

"बारामतीचं."

दत्तोबानं मान वळवली. रसूलकडं नाही, फरिदाकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, असता तर तिला सोपं गेलं असतं.

"म्हंजी मिळत्यात, वहिनी," तो म्हणाला.

फरिदा दाराकडं वळली. तिला पळून जायचं होतं. तेवढ्यात बनाबाई चहा घेऊन आली. घरात दुसरं बसायला काही नव्हतं. तिनं कप खाली ठेवला, दत्तोबाचे दोन्ही पाय हातानं उचलून एका कडेला सारले आणि खाटेवर फरिदाला जागा करून दिली.

"बसा की वहिनी," ती म्हणाली, "त्येंला काय कळत न्हाय पायातलं."

फरिदा बसली.