हिरवा दिवा

“हिरवा दिवा लागतोय ना? मग लोकांना उगाच कशाला घाबरवायचं?” बिस्किटाचा चुरा शर्टावरून झटकत साहेब म्हणाले.

समोर उभ्या प्रोग्रामरला शिसारी आली. अंथरुणाला खिळलेल्या, वाचा गेलेल्या माणसांसाठी कंपनी बिनतारी बटण बनवत असे. अंगठ्याने दाबलं की संगणक बोलायचा : पाणी हवंय, कूस बदला. बटणाचा निरोप संगणकापर्यंत पोहोचवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्याच्याच हातचा. त्यातलं प्रत्येक फंक्शन, म्हणजे एकेका कामाचा तुकडा, काम संपवताना एक आकडा परत पाठवायचं. शून्य म्हणजे सगळं ठीक, दुसरं काहीही म्हणजे बिघाड. इथे मात्र संपर्क तुटला तरी शून्यच जात होतं, आणि संगणकावरचा दिवा निर्लज्जासारखा हिरवाच राहत होता.

तेच बटण त्याच्या आईच्या हातात होतं. सोमवारपासून संगणकातून चकार शब्द आला नव्हता.

“रुसल्यात त्या,” बायको म्हणाली.

“आई, पुरे झाला आता हट्ट,” दिव्याकडे एक नजर टाकून तोही खेकसला होता.

आज, गुरुवारी सकाळी, बायको आईचे हात पुसत होती. “अहो, इकडे या जरा. यांच्या अंगठ्याला फोड आलाय.”

बटणातला सेल संपला होता. तीन दिवस आई ते दाबत होती.

साहेबांकडून जागेवर परत येऊन त्याने ते शून्य कुणी घातलं ते शोधलं. सहा वर्षांपूर्वीची नोंद सापडली : ‘उद्या चाचणी आहे, तूर्तास शून्य.’ खाली त्याचंच नाव. साहेबांची किळस येणं सोपं होतं. ही स्वतःची कुठे थुंकायची ते त्याला कळेना.

दुरुस्ती करताना जुनी चूक कुणाची ते लिहायचं, असा तिथला रिवाज होता.

“नाव कशाला? ‘किरकोळ सुधारणा’ लिहा आणि मोकळे व्हा,” साहेब म्हणाले.

त्याने लिहिलं : ‘चूक माझी. संपर्क तुटला असताना मी सगळं ठीक असल्याचं कळवत होतो.’ मग शून्याच्या जागी बिघाडाचा खरा आकडा घातला.

संध्याकाळी त्याने घरच्या संगणकावर नवा ड्रायव्हर चढवला. सेल काढल्याबरोबर दिवा लाल झाला. नवा घातला, हिरवा झाला. यावेळी खरोखरचा.

“आई, आता बोल,” बटण तिच्या तळहातावर ठेवत तो म्हणाला. “काय हवंय तुला?”

फोडाला लागू नये म्हणून बायकोने अंगठ्यावर कापसाची पट्टी बांधली होती. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग नजर भिंतीकडे फिरवली. दिवा हिरवा होता. अंगठा हलला नाही.